पट्ट्याचे दुसरे टोक

"माणसाला काय कुत्र्यासारखं पट्ट्यानं धरून हिंडवायचं?" हा प्रश्न आमच्या स्टाफरूममध्ये विचारला गेला आणि विचारणारे गृहस्थ समीक्षक म्हणून नावाजलेले असल्यामुळे उपस्थितांनी माना डोलावल्या. निमित्त असे की, आम्ही (आम्ही दोघे नवरा-बायको, दोघेही मराठी शिकवतो) शनिशिंगणापूरच्या मामांसाठी चालताना कमरेला बांधायचा पट्टा मागवला होता. मामांचे वय अठ्ठ्याहत्तर, गेली चार वर्षे स्मृतिभ्रंश. पाय मात्र ठणठणीत. हेच संकट.

शिंगणापूरविषयी आजवर जे लिहिले गेले ते सगळे बाहेरून आत येणाऱ्याविषयी. घरांना चौकटी आहेत, दारे नाहीत; शनिदेवाच्या धाकाने चोर येत नाही, अशी श्रद्धा. 2011 साली युको बँकेने तेथे कुलपाविना शाखा उघडली तेव्हा त्याचे केवढे कौतुक झाले! पण आतून बाहेर जाणाऱ्याचे काय? मामा पहाटे उठतात, 'शाळेला उशीर झाला' म्हणतात आणि चौकटीतून सरळ घोडेगावच्या वाटेला लागतात. दोन्ही बाजूंना ऊस, मध्ये पाटाचे पाणी.

इतर गावांत अशा वेळी काय करतात, हे आपल्याला ठाऊक आहे. बाहेरून कडी घालतात. म्हातारा दिवसभर खोलीत, जेवणाचे ताट आत सरकवले जाते आणि पाहुण्यांना सांगितले जाते, "आजोबा झोपलेत." या कडीला कोणी कधी कुत्र्याची उपमा दिल्याचे ऐकिवात नाही. ती दिसत नाही, म्हणून ती सभ्य. पट्टा रस्त्यावर दिसतो, म्हणून तो अमानुष! आमचा आक्षेप या न्यायाला आहे.

बांधण्याची भीती निराधार आहे असे आम्ही म्हणत नाही. 6 ऑगस्ट 2001 रोजी तामिळनाडूतील एरवाडी येथे आग लागली, तेव्हा साखळदंडांनी जखडलेले 28 मनोरुग्ण जागच्या जागी जळून मेले. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने मनोरुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळीने जखडण्यास मनाई केली, ती योग्यच. 2014 साली मुंबईत बसथांब्याच्या खांबाला पायाने बांधलेल्या नऊ वर्षांच्या मुलाचे छायाचित्र जगभर छापले गेले. मुलाला सेरेब्रल पाल्सी होती. फुटपाथवर राहणारी आजी पोटासाठी विक्री करायला गेली की त्याला बांधून जाई. लोक दोरीवर संतापले. दोरीचे दुसरे टोक खांबाला का होते, ते धरायला आजीखेरीज एकही हात का नव्हता, हे विचारणारे थोडे. पुढे एका संस्थेने त्या मुलाला ठेवून घेतले, तेही छायाचित्र छापून आल्यावर.

भाषेच्या अभ्यासकाने तरी शब्दाला भुलू नये. दावे, वेसण, बेडी हे आपल्याकडचे बांधण्याचे शब्द गोठ्यातून आणि तुरुंगातून आलेले आहेत हे खरे; पण जत्रेत लेकराच्या मुठीत दिलेला आईचा पदर काय होता? आता पदर उरला नाही, गर्दी मात्र दसपट झाली.

तेव्हा निवड कशी करावी हे सांगतो. स्टाफरूममध्ये ते कोणी विचारले नाही. लहान मुलासाठी मनगटाला बांधायची, गुंडाळीच्या तारेची पट्टी दुकानात स्वस्त मिळते. ती घेऊ नये. पाच वर्षांखालच्या मुलाचा हात हिसका बसून कोपरात सहज निखळतो. ओढ छातीवर आणि दोन्ही खांद्यांवर विभागली जाईल असाच पट्टा घ्यावा. गळ्याजवळ काही नको. वादी आखूड हवी, लांब वादीत इतरांचे पाय अडकतात. बक्कल असे असावे की धरणाऱ्याला एका हाताने क्षणात सोडवता येईल. 25 जानेवारी 2005 ला मांढरदेवीच्या यात्रेत चेंगराचेंगरी होऊन जवळपास तीनशे माणसे गेली. तशा रेट्यात कोणताही पट्टा वाचवत नाही, उलट अडकवतो. म्हणून शनी अमावास्येला मामांना चौथऱ्याकडे नेतच नाही.

प्रौढ माणसाचे प्रकरण निराळे. त्याला पाठीवर शेपटी असलेली बालवाडीची पिशवी चढवणे हा अपमानच, आणि तेवढ्यापुरते समीक्षक महाशयांशी आम्ही सहमत आहोत. मामांसाठी घेतला तो रुंद, कापडी, कमरेचा. मागे आणि बाजूंना हाताने धरायच्या मुठी. फिजिओथेरपिस्ट रुग्णाला चालवताना वापरतात तो प्रकार. सदऱ्यावर बांधला आणि वरून जाकीट घातले की दिसतही नाही. पडणाऱ्या माणसाला तो उचलून धरत नाही, हळू खाली बसवण्यापुरता उपयोगी पडतो, हे घेण्याआधी समजून घ्यावे. तो खुर्चीला किंवा खाटेला कधीही अडकवायचा नाही. आणि विचारल्याशिवाय बांधायचा नाही. मामांचे डोके सकाळी जरा निवळ असते तेव्हा मामी विचारतात, "बांधू का हो?" कधी 'हं' म्हणतात, कधी हात झटकतात. झटकला की त्या दिवशी फिरणे अंगणापुरते.

रात्री मात्र पट्ट्याचा उपयोग नाही. मामींनी चौकटीत बैलाच्या घुंगरांची माळ आडवी बांधली आहे. दार लावले असे गावात कोणी म्हणू शकत नाही. पण वारा सुटला की ती माळ रात्रभर वाजते, आणि सत्तरीच्या मामी दर वेळी उठून बसतात. नगरहून आम्हाला आठवड्यातून एकदाच जाता येते. पुढच्या रविवारी दोन तास पट्टा धरायला याल का, असे आम्ही त्या समीक्षक मित्रांना विचारले. त्यांना त्या दिवशी एका परिसंवादाला जायचे आहे.