देश स्वतंत्र, पण अ‍ॅडमिन कोण? वसईचा तह आणि नायराचे बंद पडलेले ईमेल

जुलै २०२५ ची बातमी आठवतेय? नायरा एनर्जी या भारतातल्या तेल कंपनीची आउटलुक आणि टीम्स सेवा मायक्रोसॉफ्टनं अचानक बंद केली. पैसे पूर्ण भरलेत, असं कंपनी सांगत होती. भारतानं या कंपनीवर कुठलेही निर्बंध लावलेले नव्हते. ते लावले होते युरोपीय संघानं, कारण तिच्यात रशियाच्या रॉसनेफ्टचा ४९ टक्के हिस्सा आहे. म्हणजे कंपनी इथली, सेवा अमेरिकन, निर्बंध युरोपचे आणि ईमेल बंद आपल्याकडचे! कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली आणि काही दिवसांत सेवा परत सुरू झाली.

मी डोंबिवलीचा. नोकरीत दिवसभर लोकांना सर्व्हरचा अ‍ॅक्सेस देतो आणि काढून घेतो. काढायला दोन क्लिक पुरतात. ही बातमी वाचली आणि शाळेत पाठ केलेली 'तैनाती फौज' डोक्यात आली. तेव्हा दोन मार्कांसाठी पाठ केली होती, अर्थ आत्ता लागला.

२५ ऑक्टोबर १८०२ ला यशवंतराव होळकरांनी हडपसरला पेशवे आणि शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला. दुसरा बाजीराव पुणं सोडून कोकणात आणि तिथून वसईला गेला. (आपल्याला वसई लांब नाही, कोपरहून मेमू मिळते.) ३१ डिसेंबरला तिथं त्यानं ईस्ट इंडिया कंपनीशी तह केला. कंपनीचं किमान सहा हजार पायदळ त्याच्या मुलखात कायम राहणार आणि त्याच्या खर्चासाठी २६ लाख उत्पन्नाचा मुलूख तोच तोडून देणार. पण माझ्या मते खरी अट वेगळीच होती: कंपनीला विचारल्याशिवाय दुसऱ्या कुठल्याही सत्तेशी बोलणी करायची नाहीत, आणि निजाम व गायकवाडांशी वाद झाला तर निवाडा कंपनी करणार.

मे १८०३ मध्ये बाजीराव पुण्यात परत गादीवर बसला. गादी, दरबार, वस्त्रं, सगळं जागच्या जागी. फक्त अ‍ॅडमिन बदलला होता.

हे कळायला बारा वर्षं गेली. गायकवाडांशी जुन्या थकबाकीचा वाद होता. त्यासाठी त्यांचे वकील गंगाधरशास्त्री कंपनीच्या हमीवर पुण्याला आले आणि १८१५ मध्ये पंढरपुरात त्यांचा खून झाला. संशय बाजीरावाचा विश्वासू कारभारी त्रिंबकजी डेंगळे याच्यावर. रेसिडेंट एल्फिन्स्टननं त्याला मागितलं आणि पेशव्याला स्वतःचाच कारभारी द्यावा लागला. कंपनीनं त्याला कोंडलं आपल्या ठाण्याच्या किल्ल्यात, जिथं आज मध्यवर्ती कारागृह आहे. १८१६ मध्ये तो तिथून पळाला, ती गोष्ट भारी आहे, पण पुन्हा कधीतरी. खून वाईटच. पण आपल्या माणसाचं काय करायचं, हे ज्याला ठरवता येत नाही तो स्वतंत्र कसला? १८१८ मध्ये राज्य गेलं आणि बाजीराव वर्षाला आठ लाखांच्या पेन्शनवर बिठूरला गेला.

आजही असे देश आहेत. पॅसिफिक महासागरातले पलाऊ आणि मार्शल बेटं संयुक्त राष्ट्रांचे सदस्य आहेत, पण त्यांच्या संरक्षणाची जबाबदारी करारानं अमेरिकेकडे आहे. चलनही डॉलरच.

मग भारत मांडलिक झाला का? नाही, उगाच घाबरवणार नाही. नायराकडे कोर्ट होतं, बाजीरावाकडे नव्हतं. आपल्याकडे यूपीआय आहे, रूपे आहे. हे का महत्त्वाचं, ते मार्च २०२२ मध्ये रशियात दिसलं. व्हिसा-मास्टरकार्डनं तिथलं काम थांबवलं, तरी तिथल्या बँकांची कार्डं देशात चालत राहिली, कारण आतले व्यवहार रशियाच्या स्वतःच्या यंत्रणेवरून जात होते. परदेशात मात्र तीच कार्डं बंद पडली. आपल्या केंद्र सरकारचे ईमेलही आता झोहोच्या यंत्रणेवर गेलेत. पण तुमच्या हातातल्या फोनची ऑपरेटिंग सिस्टिम, अ‍ॅप स्टोअर आणि बहुतेक ऑफिसांचं क्लाउड अजून अमेरिकन कंपन्यांचं आहे. 'भारतीय अ‍ॅप वापरा' म्हणणारं अ‍ॅपसुद्धा प्ले स्टोअरवरूनच उतरवावं लागतं.

बाजीरावाला मूर्ख म्हणणं सोपं आहे. त्याला त्या क्षणी संरक्षण हवं होतं आणि ते खरंच मिळालं. आमच्या ऑफिसातही क्लाउड निवडताना किंमत बघतात, वेग बघतात. सेवा बंद करायचा हक्क कुणाकडे आणि कुठल्या देशाच्या कायद्यानं, हे कलम शेवटच्या पानावर असतं. पुढच्या मीटिंगमध्ये ते पान आधी उघडा असं मी सांगणार आहे. बघू, किती जण ऐकतात.