पहिले दहा दिवस

बरेच दिवस हा विषय डोक्यात घोळतोय, पण वीकांत आला की आळस आडवा येतो. आज लिहूनच टाकतो.

२०२५ च्या सप्टेंबरमध्ये माझ्या आतेभावाचा मुलगा आमच्याकडे राहायला आला. (खरं नाव लिहिलेलं त्याला आवडणार नाही, म्हणून आपण त्याला पिंट्या म्हणू.) माढा तालुक्यातलं गाव, सीनेच्या काठाला शेत, बी.कॉम. झालेला, पोलीस भरतीची तयारी चालू. दसरा-दिवाळीच्या सेलसाठी पुण्यात पार्सलं वाटायला पोरं घेतात असं त्याला मित्राकडून कळलं होतं. महिना-सव्वा महिन्याचं काम. गाडी स्वतःची, मोबाईल स्वतःचा, लायसन हवं. बस्स. पगार नाही, पार्सलमागे १४ रुपये. दिवसाला १०० पार्सलं सहज होतात असं भरती करणाऱ्यानं सांगितलेलं. पिंट्यानं बसमध्येच गुणाकार करून ठेवला होता.

ट्रेनिंग म्हणजे मोबाईलवर पाऊण तासाचे व्हिडिओ आणि शेवटी दहा प्रश्न. टी-शर्ट आणि ती भलीमोठी पाठपिशवी यांचे ६०० रुपये पहिल्या हप्त्यातून कापणार. झालं, कामाला तयार!

सोमवारी, १५ सप्टेंबरला, साडेसहाला तो नऱ्ह्याच्या हबवर गेला. त्याच्या नावावर ६२ पार्सलं लागली. रात्री नऊ वाजता घरी आला तेव्हा २७ पोचवली होती आणि ३५ परत हबवर जमा. २७ गुणिले १४, म्हणजे ३७८ रुपये. लिटरला १०४ च्या आसपासच्या भावानं पेट्रोल साधारण १४० चं. शिवाय रोख रकमेच्या हिशोबात ५० रुपये कमी भरले, ते खिशातून. बायकोनं ताट वाढलं तर जेवताना डुलक्या घेत होता. मला म्हणाला, "काका, पत्ते सापडतच नाहीत ओ. आपलं पुणं लई गोलमाल आहे."

मी आयटीवाला माणूस. त्याला रूट कसा लावायचा यावर पंधरा मिनिटं लेक्चर दिलं. तो ऐकता ऐकता झोपला. :-)

मग त्या शनिवारी मीच त्याच्या मागे बसून गेलो. पितृपंधरवडा चालू, लोक खरेदी टाळतात, म्हणून लोड कमी असेल असा माझा हिशोब होता. ५८ निघाली. पहिला धडा हबवरच मिळाला. शेवटी द्यायचं पार्सल पिशवीत आधी, म्हणजे तळाला. आम्ही कॉलेजात ज्याला स्टॅक म्हणून शिकलो तेच हे. पण जड वस्तूही तळालाच लागते, आणि जड वस्तू पहिल्याच सोसायटीतली असली तर? पुस्तकात याचं उत्तर नाही. शेजारच्या रांगेतल्या एका जुन्या पोरानं ते दिलं. जड पार्सल पायाशी फळीवर ठेव, बाकीच्यांवर मार्करनं बिल्डिंगचं नाव मोठ्ठं लिही, लेबल वाचत बसू नको. आणि ॲप सांगेल त्या क्रमानं जाऊ नको. दुकानं-ऑफिसं आधी, बंगले नंतर, नोकरदारांच्या सोसायट्या संध्याकाळी. हे त्यानं एका हातानं स्कॅन करता करता सांगितलं, कारण त्याचाही वेळ पार्सलावर मोजला जात होता. पिंट्याला शिकवण्याचे त्याला शून्य रुपये मिळाले.

धायरी, बेनकर वस्ती, रायकर मळा या भागात ज्यांनी पत्ता शोधलाय त्यांना पुढचं सांगायला नको. स. नं. अमुक, हिस्सा नं. तमुक, मंदिरामागे. कुठलं मंदिर? एकाच नावाच्या तीन इमारती, त्यातल्या दोघींचं पोस्टाचं नाव वेगळं आणि लोकांच्या तोंडी बिल्डरचं नाव. नकाशावरची खूण सोसायटीच्या मागच्या भिंतीवर, गेट पलीकडच्या गल्लीत, मधे नाला. एका ठिकाणी आम्ही बारा मिनिटं घालवली. गेटवर नोंद, ॲपवरून मंजुरी, फोन उचलत नाहीत, शेवटी उचलला तर "वॉचमनकडे ठेवा", वॉचमन म्हणतो ठेवत नाही. ओटीपी त्यांच्या मिसेसच्या मोबाईलवर, मिसेस माहेरी. चौदा रुपये.

आता जरा मूळ मुद्द्याकडे येतो.

आपल्याकडे पिनकोड आला १५ ऑगस्ट १९७२ ला. तो रचणारे श्रीराम भिकाजी वेलणकर मराठी माणूस आणि संस्कृतचे कवी, हे मला फार आवडतं. सहा आकडी रचना आहे. पहिला आकडा विभागाचा, तिसऱ्यापर्यंत वर्गवारीचा जिल्हा, शेवटचे तीन पोस्ट ऑफिसचे. म्हणजे पिनकोड पत्राला पोस्ट ऑफिसपर्यंत नेतो, तुमच्या दारापर्यंत नाही. तिथून पुढचं शेवटचं दीड-दोन किलोमीटर पोस्टमनच्या डोक्यात होतं. तोच बीट, तीच माणसं, वर्षानुवर्षं. "कुलकर्णी, मागची खोली" एवढ्यावर मनीऑर्डर पोचायची ती त्यामुळे. २०२५ च्या मे महिन्यात पोस्टानं डिजिपिन आणलाय, दहा अक्षरांत देशातला चार मीटर बाय चार मीटरचा कुठलाही चौकोन सांगता येतो. उत्तम गोष्ट आहे, पण पाचवा मजला की सातवा, आणि गेट पुढचं की मागचं, हे त्यातही कळत नाही.

म्हणजे दार सापडणं हे अजूनही माणसाच्या डोक्यात साठणारं ज्ञान आहे. आणि हंगामी भरतीत आपण दरवर्षी ते डोकं पूर्ण फॉरमॅट करून नव्यानं सुरुवात करतो. पिंट्यानं एक शंभरपानी वही घातली होती. कुठलं गेट, कुठली लिफ्ट चालते, कुठला वॉचमन दुपारी झोपतो, कुत्रं कुठे सुटं असतं. नवव्या-दहाव्या दिवशी तो ७५-८० पर्यंत पोचला तो या वहीच्या जोरावर. ॲपमध्ये हे लिहायला जागाच नाही.

इथे मला एक कबुली द्यायची आहे. काही वर्षांपूर्वी मी अशाच रूट लावणाऱ्या सॉफ्टवेअरवर काम केलंय. (दुसरी कंपनी, दुसरं ॲप.) आमच्या स्क्रीनवर 'शेरा' म्हणून एक रकाना होता. पोरं त्यात मिंग्लिशमध्ये काहीबाही लिहायची, त्याचा रिपोर्ट निघत नव्हता, म्हणून एका रिलीजमध्ये आम्ही तो काढून टाकला. मीच काढला. डेमोला टाळ्या पडल्या, स्क्रीन किती स्वच्छ झाला म्हणून.

दुसरी गोष्ट त्याहून वाईट. एका दारापाशी किती वेळ लागतो, हा आकडा रूट लावताना गृहीत धरावा लागतो. आम्ही तो मागच्या तीन महिन्यांच्या डेटावरून काढायचो. आता तीन महिन्यांचा डेटा असतो कुणाचा? जो तीन महिने टिकला त्याचा! चौथ्या दिवशी गाडीची किल्ली घेऊन गावाला परत गेलेल्या पोराची बारा मिनिटं त्या सरासरीत नसल्यातच जमा. टिकलेल्यांची सरासरी काढायची आणि पहिल्या दिवशीच्या पोराला त्या मापाचा लोड द्यायचा, मग तो ३५ परत घेऊन आला की त्याच्या नावापुढे 'लो परफॉर्मन्स'. ही क्रूरता कुणी ठरवून केलेली नव्हती, एका ॲव्हरेज फंक्शननं केली होती, आणि ते कोड रिव्ह्यूमधून बिनबोभाट पास झालं होतं.

आमच्याकडे हापिसात नवा माणूस आला की काय होतं? लॅपटॉप येईपर्यंत दोन दिवस कॅन्टीन. तीन आठवडे ऑनबोर्डिंग. शिकवायला एक 'बडी'. पहिल्या महिन्यात त्यानं एक ओळ लिहिली नाही तरी पगार पुरा, कारण शिकायला वेळ लागतो हे सगळ्यांना मान्य. मग पस्तीस दिवसांच्या कामात ज्याचे पहिले दहा दिवस शिकण्यात जातात, त्याला त्या दहा दिवसांचा रोजगार दिवसावर का नको? मग पुढे मोजा की पार्सलावर.

याच धंद्यात ऑपरेशन्स बघणारा माझा एक मित्र आहे. त्याला हे बोललो तर हसला. म्हणाला, रोज दिला तर पोरं झाडाखाली बसतील आणि आठ दिवसांनी टी-शर्टसकट पळतील. त्याच्या बोलण्यात तथ्य आहे, काही पळतीलही. पण आत्ताही पळतातच ना? फरक इतकाच की आत्ता ते स्वतःच्या पेट्रोलवर पळतात. शिकण्याचा खर्च नाहीसा झालेला नाहीये, तो कंपनीच्या वहीतून उचलून एका बावीस वर्षांच्या पोराच्या वहीत टाकलाय. आणि आपल्याला 'फ्री डिलिव्हरी' दिसते.

सेल २३ सप्टेंबरला सुरू झाला. त्याच आठवड्यात सीनेला पूर आला. सोलापूर जिल्ह्यात काय झालं ते तेव्हा टीव्हीवर सगळ्यांनी पाहिलंय. पिंट्याच्या शेतात पाणी शिरल्याचा फोन आला तेव्हा तो डीएसके विश्वचा चढ चढत होता. दिवाळीपर्यंत एकही सुट्टी न घेतल्यास ५००० रुपये वरचे, अशी बोली होती. वडील म्हणाले, "तू येऊन काय पाणी उपसणारंय? तिथंच थांब." तो दोन दिवस थांबला. उडीद गेला, गोठ्यात पाणी आलं म्हटल्यावर मात्र रात्रीच्या गाडीनं गेला. पाच दिवसांनी परत आला. बोनस गेला, ते त्याला मान्यच होतं. वाईट हे झालं की धायरी दुसऱ्याला दिलेली, आणि याला आंबेगावची बाजू. पुन्हा पहिला दिवस! ६० लागली, ३१ पोचवली. वही निरुपयोगी.

लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी, २० ऑक्टोबरला काम संपलं. दिवस मोजले तर तिसाच्या आसपास. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालीय, आणि तिच्यात प्रथमच गिग कामगाराची व्याख्या आहे. कंपन्यांनी उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम या लोकांच्या निधीत भरायची. चांगलं आहे. पण डिसेंबर २०२५ मध्ये निघालेल्या मसुदा नियमांत लाभासाठी अट होती ती वर्षात एका कंपनीकडे ९० दिवस, अनेकांकडे मिळून १२०. घटस्थापना ते दिवाळी हे सगळं मिळून महिनाभर. हंगामी माणूस या हिशोबात बसणार कधी? त्याच्या प्रत्येक पार्सलाची उलाढाल त्या टक्क्यात मोजली जाईल, तो स्वतः नाही. ९० चा आकडा ठरवतानाही कुणीतरी टिकलेल्यांचीच सरासरी काढली असेल का, अशी मला शंका येते.

असो.

वही अजून आमच्याकडे टीव्हीच्या खणात आहे. मागच्या महिन्यात पिंट्याशी फोनवर बोलणं झालं, भरतीची मैदानी चाचणी देऊन आला होता. सहज विचारलं, पुढच्या हंगामाला येणार का रे? जरा थांबून म्हणाला, "धायरी देणार असतील तर येतो काका. विचारून बघा ना तुमच्या मित्राला."

मी अजून विचारलेलं नाही.