ज्या गावाला बंदर नव्हतं



या वेळी जाऊ या आरोमाँशला. फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावर, नॉर्मंडीत, जेमतेम पाचशे वस्तीचं गाव. पॅरिसहून आगगाडीनं बायो गाठायचं. तिथून दहा-अकरा किलोमीटर.

लेकीकडे गेलो होतो, तेव्हा नातीला घेऊन तिथे पोहोचलो. भरती होती. दूर पाण्यात काळपट ठोकळ्यांची रांग दिसत होती. "आजोबा, एवढे काँक्रीटचे डबे समुद्रात कुणी टाकले?"

गोष्ट दुसऱ्या महायुद्धातली. १९ ऑगस्ट १९४२ रोजी दोस्त राष्ट्रांनी दिएप बंदरावर हल्ला केला आणि तो पुरता फसला. एकट्या कॅनडाचे ९००हून अधिक सैनिक प्राणाला मुकले. जर्मनांनी राखलेलं बंदर समोरून जिंकणं सोपं नाही, हे कळून चुकलं. मग ठरलं, बंदरच सोबत न्यायचं! इंग्लंडमध्ये काँक्रीटच्या प्रचंड पेट्या बनल्या. त्या कशासाठी, हे बनवणाऱ्या बहुतेक कामगारांना ठाऊक नव्हतं. जून १९४४मध्ये बोटींनी त्या खाडी ओलांडून ओढत आणल्या आणि आरोमाँशसमोर बुडवल्या. लाटा अडवणारी भिंत तयार झाली.

इथे उधाणाला पाणी सहा मीटरहून जास्त चढतं-उतरतं. आपल्या कोकण-गोव्यापेक्षा कितीतरी जास्त. म्हणून धक्का चार पायांवर असा बसवला, की पाण्याबरोबर तो वर-खाली सरकेल. तिथून किनाऱ्यापर्यंत तरंगता रस्ता. १९ जूनला मोठं वादळ आलं. ओमाहा किनाऱ्यावरचं अमेरिकनांचं असंच बंदर मोडून पडलं. आरोमाँशचं डागडुजी करून चालू राहिलं. तीन महिन्यांसाठी बांधलेलं ते बंदर त्याहून बरंच जास्त टिकलं. त्या रस्त्याचे तुकडे पुढे उद्ध्वस्त पुलांच्या जागी कामी आले.

ओहोटी लागल्यावर आम्ही वाळूतून एका ठोकळ्यापर्यंत चालत गेलो. काँक्रीट झिजलंय, आतल्या सळ्या गंजून बाहेर आल्यात. नातीला व्हिडिओ गेममुळे नॉर्मंडी पाठ. तिनं सहज विचारलं, "तेव्हा आपले लोक कुठे होते?"

त्याच उन्हाळ्यात मराठा लाइट इन्फंट्रीचे जवान इटलीत लढत होते. १० जुलै १९४४ रोजी नाईक यशवंत घाडगे यांनी जर्मन मशीनगनच्या ठाण्यावर एकट्यानं चाल केली. ठाणं घेतलं आणि तिथेच ते धारातीर्थी पडले. वय अवघं बावीस. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. मी बेळगावचा. या रेजिमेंटचं केंद्र माझ्या गावात, लहानपणापासून तिथल्या बिगुलाच्या आवाजावर उठलेलो. तरी त्या वाळूत उभं राहून नातीला मला त्यांचं नाव सांगता आलं नाही. ते घरी परतल्यावर शोधावं लागलं.

रायगड जिल्ह्यात माणगावला त्यांचा पुतळा आहे. दिवाळीत नात येतेय. आधी तिथे जाणार आहोत.