स्वप्नांची तिकीटखिडकी

भुसावळ हे जंक्शन आहे, हे येथील शाळकरी मुलालाही सांगावे लागत नाही. मुंबईहून आलेला लोहमार्ग येथे दुभंगतो. एक फाटा नागपूरकडे जातो, दुसरा खांडव्यावरून इटारसीकडे. आम्हा ख्रिस्ती कुटुंबांपैकी पुष्कळांचा संसार या गावी मांडला गेला तो याच रुळांच्या आधाराने. कुणाचे आजोबा वाफेच्या इंजिनावर होते, कुणाचे वडील लोको शेडमध्ये. साहजिकच आमच्या घरांतील मोठी स्वप्नेही रुळांच्याच कडेने चालत आली: रेल्वेत नोकरी, ती नाही तर आयुध निर्माणीत, तीही नाही तर दीपनगरच्या वीज केंद्रात. अलीकडे त्यांत परदेशाची भर पडली आहे.

स्वप्ने पाहण्याविषयी आमची तक्रार नाही. त्या स्वप्नांवर श्रद्धेची जी मोहोर उमटवली जाते, तिच्याविषयी मात्र आम्हांला स्पष्ट बोलायचे आहे.

प्रार्थनासभांतून आणि भ्रमणध्वनीवर येणाऱ्या प्रवचनांतून एक शिकवण आज आमच्या स्वयंपाकघरांपर्यंत पोहोचली आहे. मोठे स्वप्न बघा, शंका न घेता मागा, मिळालेच असे समजून आभार माना, देव देणारच! आणि न मिळाले तर? तर तुमची श्रद्धा उणी पडली. किती सोयीचे तत्त्वज्ञान! यश आले की साक्ष देण्यासाठी व्यासपीठ तयार; अपयश आले की दोष ज्याचा त्याच्या पदरात.

भरतीची यादी लागते. एका घरी पेढे वाटले जातात, शेजारच्या घरी दिवा उशिरा लागतो. आमच्या परिचयातील अशाच एका मुलाने आपल्या आईला विचारले, ‘‘आई, माझा विश्वास कमी पडला का गं?’’ नऊ बुधवार नोव्हेनाला उभी राहिलेली ती माउली काय उत्तर देणार? पुढे तो मुलगा मिस्साला येईनासा झाला. लोक म्हणाले, पोरगा वाहवला. आम्ही म्हणतो, त्याला ढकलले गेले. परीक्षेतील एका अपयशाची त्याला दोनदा शिक्षा झाली: एकदा यादीत नाव नाही म्हणून आणि दुसऱ्यांदा देवाच्या दारात तो नापास ठरवला गेला म्हणून.

या शिकवणीने परमपित्याला तिकीटखिडकीवरचा कारकून करून टाकले आहे. प्रार्थनेचे पैसे मोजायचे आणि हव्या त्या गावचे तिकीट घ्यायचे! तिकीट मिळाले नाही तर नाणे खोटे होते असे समजायचे. बाप आणि लेकरू यांच्या नात्यात असा व्यवहार बसतो काय?

प्रतिपक्षाची बाजूही आम्ही नाकारीत नाही. तो म्हणेल, ‘‘आम्ही निदान तरुणांना मान वर करायला शिकवतो. तुम्ही तर त्यांना पायरी ओळखून राहायला सांगता!’’ हा आरोप अगदीच खोटा नाही. आमच्यातील अनेक वडीलधाऱ्यांनी भित्रेपणाला नम्रतेचे नाव दिले आहे. मिळालेली थैली जमिनीत पुरून ठेवणाऱ्या चाकराचे प्रभूने कौतुक केले नाही, हे ते विसरतात. परंतु भित्रेपणावरचा उतारा म्हणून हाव पाजणे, हे कुठले औषध?

वसईच्या मातीत जन्मलेल्या संत गोन्सालो गार्सिया यांचे चरित्र या ठिकाणी आठवावे. त्यांचा जन्म १५५७ च्या सुमाराचा. बालवयातच ते येशूसंघीय धर्मगुरूंबरोबर जपानला गेले, तेथील भाषा शिकले आणि धर्मशिक्षक म्हणून वर्षानुवर्षे राबले. येशूसंघात प्रवेश मिळावा, हे त्यांचे स्वप्न. तो प्रवेश त्यांना मिळाला नाही! आजच्या प्रवचनकारांच्या मापाने त्यांची श्रद्धा उणीच ठरली असती. पुढे ते व्यापारात पडले आणि त्यांचा चांगला जम बसला. आता तेच प्रवचनकार म्हणाले असते, पाहा, देवाने याला आशीर्वाद दिला! गोन्सालो मात्र भरभराटीच्या व्यापाराकडे पाठ फिरवून मनिला येथे फ्रान्सिस्कन संघात साधे बंधू झाले. दुभाषे म्हणून ते पुन्हा जपानला गेले आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे पंचवीस सोबत्यांसह क्रुसावर मरण पावले. १८६२ साली ख्रिस्तसभेने त्यांना संतपद दिले. यशापयशाच्या खातेवहीत हे आयुष्य कोणत्या रकान्यात मांडणार?

आणि आमच्यासारख्या रेल्वेवाल्यांना मदर तेरेसांचे स्मरण का होऊ नये? १० सप्टेंबर १९४६ रोजी दार्जिलिंगकडे जाताना, आगगाडीतच, त्यांना गरिबांतील गरिबांच्या सेवेची हाक आली. त्या हाकेनंतरही मठाबाहेर पडून काम सुरू करण्यासाठी त्यांना ऑगस्ट १९४८ पर्यंत थांबावे लागले. पुढे २००७ साली त्यांची खाजगी पत्रे प्रसिद्ध झाली आणि जगाला कळले की, या माउलीने कित्येक दशके अंतःकरणात काळोख सोसला, देवाचे सान्निध्य तिला जाणवत नव्हते. तरीही तिचे हात थांबले नाहीत. स्वप्न तिच्या स्वतःसाठी नव्हते, म्हणून ते काळोखातही टिकले.

तेव्हा ‘हे स्वप्न देव पुरे करील काय?’ या प्रश्नाआधी आमच्या मुलांना दुसरा प्रश्न विचारायला शिकवू या: ‘हे स्वप्न कुणाकुणाच्या कामी येईल?’ डॉक्टर होऊ इच्छिणाऱ्या मुलीने तो विचारावा, लोको पायलट होऊ पाहणाऱ्या मुलानेही विचारावा. आणि धर्मग्रामानेही आपली जबाबदारी ओळखावी. परीक्षेच्या सकाळी आशीर्वाद देऊन आपले कर्तव्य संपत नाही. रेल्वेतून निवृत्त झालेली कितीतरी माणसे आपल्यात आहेत. त्यांनी संध्याकाळी मुलांना गणित आणि इंग्रजी शिकवावे. यादी लागेल त्या दिवशी पेढ्यांच्या घरी जाण्यापूर्वी, जेथे दिवा उशिरा लागला त्या घरी आपली पावले वळावीत. असे घडले तर कोणत्याही मुलाला आईला तो प्रश्न विचारावा लागणार नाही.

जब्दीच्या मुलांची आईही प्रभूकडे मोठे स्वप्न घेऊन आली होती. माझा एक मुलगा तुझ्या उजवीकडे बसावा, एक डावीकडे. प्रभूने तिला हाकलले नाही. माझा प्याला पिणे तुम्हांला जमेल काय, एवढेच त्याने त्या मुलांना विचारले आणि मोठे होऊ इच्छिणाऱ्याने सेवक व्हावे, असे शिष्यांना सांगितले. संत मत्तय पुढे सांगतात की, क्रुसाकडे दुरून पाहणाऱ्या स्त्रियांत ही माताही होती. प्रभूच्या उजव्याडाव्या बाजूच्या जागा कशा असतात, ते तिने त्या दिवशी डोळ्यांनी पाहिले. ती तेथून पळून गेली नाही. आमच्या घरांना आज तिच्यासारख्या श्रद्धेची गरज आहे.