ध्वजाची चिंधी आणि तिची बोली

९ जानेवारी १८०६ रोजी लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलमध्ये नेल्सनचा दफनविधी चालू असताना एक अनपेक्षित प्रकार घडला. ‘व्हिक्टरी’ या त्याच्या युद्धनौकेचा ध्वज घडी करून शवपेटीबरोबर ठेवायचा होता. ज्या खलाशांवर ते काम सोपवले होते, त्यांनी त्याचा मोठा तुकडा फाडला आणि चिंध्या आपापसांत वाटून घेतल्या. शिष्टाचाराच्या दृष्टीने ही बेशिस्तच. तरीही युद्धनौकांच्या स्मृतिचिन्हांची याहून रास्त वाटणी आम्हांला ठाऊक नाही. ट्रफाल्गारला जे लढले त्यांनी आपला वाटा घेतला. बोली कोणी लावली नाही.

बोली पुढे लागल्या. त्याच लढाईत ‘स्पार्शिएट’ या नौकेवर फडकलेला ब्रिटिश ध्वज २१ ऑक्टोबर २००९ रोजी, म्हणजे नेमका लढाईच्या वर्धापनदिनी, लंडनच्या लिलावात ३,८४,००० पौंडांना गेला. अंदाज होता दहा-पंधरा हजारांचा. नौकेवरच्या माणसांनीच तो शिवला होता आणि साध्या खलाशापासून अधिकारीपदाला पोहोचलेल्या जेम्स क्लीफनला आदराने दिला होता.

संग्राहकांमुळे इतिहास वाचतो, असे आम्हांला नेहमी ऐकवले जाते. हा ध्वज दोनशे वर्षे वाचवला तो क्लीफनच्या वंशजांनी. संग्राहक आला तो त्यानंतर, पैशांची थैली घेऊन. शिवाय त्याने विकत घेतले ते कापड नव्हेच. सोबतची हकीकत काढून घ्या, उरेल ते जुन्या बाजारातले फडके. कथनाला एवढे मोल मिळते म्हणून आपण साहित्याच्या लोकांनी हरखून जावे काय? ज्या कथनात नेल्सनला सगळी विशेषणे आणि टाके घालणाऱ्यांना नावसुद्धा नाही, ते वर्गात आले तर आपण त्याची चिरफाड करतो. लिलावाच्या पुस्तिकेत छापले की मात्र त्याला इतिहास म्हणतो.

परक्यांचा श्रीमंती छंद म्हणून हे सोडून देता आले असते. पण ‘विक्रांत’चे आपण काय केले? तिच्यावरून उडालेल्या विमानांनी १९७१ मध्ये चितगाव आणि कॉक्स बाजारवर हल्ले केले. १९९७ मध्ये निवृत्त झालेली ही विमानवाहू नौका मुंबईत काही वर्षे संग्रहालय म्हणून उभी होती. तिला सांभाळायला पैसा नाही, हे कारण सर्वांना पटले. २०१४ मध्ये ती भंगारात गेली आणि दारूखान्यात तिचे तुकडे पडू लागले. २०१६ मध्ये तिच्या धातूचा अंश असलेली मोटारसायकल बाजारात आली, तेव्हा मात्र देशाभिमान उफाळून आला. अख्खी नौका जपताना ज्यांच्या खिशाला हात गेला नाही, त्यांनी तिचा कण हप्त्याने घेतला.

नेल्सनची ‘व्हिक्टरी’ पोर्टस्मथला अजून उभी आहे. तिथे तिकीट काढून आत जाता येते.