सोडवायचं कोण शिकवणार?

फर्स्ट इयरच्या वर्कशॉपमध्ये आपण काय काय केलं ते आठवा. सुतारकामात लॅप जॉइंट, वेल्डिंगमध्ये डोळ्यांतून पाणी, फिटिंगमध्ये कानस घासून हाताला फोड. सगळं जोडण्यासाठी! जोडलेलं सोडवायचं कसं, यावर ना एक जॉब, ना व्हायवात एक प्रश्न. अभ्यासक्रमातली ही मोठी चूक आहे असं माझं ठाम मत आहे, आणि ते बनलं एका सागवानी फळीच्या किमतीत.

मे महिन्यात देवगडला मामाकडे होतो. त्याची जुनी लाकडी होडी किनाऱ्यावर ओढलेली. पुढच्या डेकच्या फळ्या काढून खालचा कुजलेला वासा बदलायचा आणि त्याच फळ्या परत बसवायच्या, एवढंच काम. म्हटलं, घरात इंजिनियर असताना मेस्त्री कशाला? ड्रिलला बिट लावला आणि बटण दाबलं. पहिल्या दोन स्क्रूंची डोकी तुटली. तिसऱ्याची खाच गुळगुळीत झाली. मग पहार घातली, तर फळी हातभर उभी चिरली. मामा काही बोलला नाही, त्याचंच जास्त वाईट वाटलं.

शेवटी मेस्त्री आलेच. "घाई कित्याक करतंस?" एवढंच म्हणाले.

स्क्रूच्या डोक्यावर लाकडी बूच ठोकलेलं असतं. मी ते पटाशीने उकरत होतो, त्यात भोकाची कड तुटत होती. त्यांनी बुचाच्या मधोमध बारीक भोक पाडून त्यात एक नवा स्क्रू पिळला. त्याचं टोक खालच्या जुन्या डोक्याला टेकलं, पुढे जाईना. मग बूचच आट्यांवरून वर चढत आलं. कड शाबूत! मी तोंडात बोट घालून बघत राहिलो.

मग हॅकसॉच्या तुटक्या पात्याने खाच खरवडली. खाचेत पूर्ण रुंदीने बसेल असा स्क्रू ड्रायव्हर निवडला, आणि पहिल्यांदा किंचित आवळला. सोडवायच्या आधी आवळायचं! गंजाची पकड सुटते ती त्या झटक्याने. तरी हलेना, तर तापवलेली सळई लाकडाला लागणार नाही अशी नुसत्या डोक्यावर टेकवली, गार होऊ दिली, पुन्हा प्रयत्न. तेल मात्र घालू दिलं नाही. ते लाकडात मुरतं, मग तिथे ना रंग धरत, ना चिकटवण.

आणि मी तोडलेले ते दोन? ते पितळी होते. समुद्राच्या पाण्यात पितळातलं जस्त निघून जातं, उरलेला धातू गुलाबीसर आणि ठिसूळ होतो. 'डीझिंकिफिकेशन' हा शब्द मी जर्नलमध्ये सुवाच्य अक्षरात लिहिला होता, सहीसुद्धा मिळाली होती. समोर आला तेव्हा ओळखला नाही. मेस्त्रींनी पोलादी नळीच्या टोकाला दात पाडले, ती उलटी फिरवत तुटक्या स्क्रूभोवतीचं लाकूड गोल कापलं, आणि त्या भोकात सागाचंच बूच, रेषेला रेष जुळवून, चिकटवलं.

सर म्हणतील, वेळ कुठे आहे? एक प्रॅक्टिकल पुरे. दहा गंजके स्क्रू असलेली एक फळी द्या. स्क्रू निघाल्याला अर्धे मार्क, लाकूड वाचल्याला अर्धे. उद्या आपल्यापैकी कितीतरी जण मेंटेनन्सला लागणार. तिथे जुना पंप पहिल्यांदा उघडावाच लागतो. (होस्टेलच्या कड्यांचे स्क्रू आपण मेसच्या चमच्याने काढतो, त्यांची अवस्था रेक्टर सरांनी एकदा जरूर पाहावी.)

चिरलेल्या फळीला मेस्त्रींनी तुकडा जोडून दिला. जोड लांबूनही दिसतो. यंदा मागच्या डेकच्या फळ्या काढायच्या आहेत. मामाने बोलावलंय, फक्त ड्रिल होस्टेलवरच ठेवून ये म्हणाला.