पंपाला हात लावण्याआधी



पाऊस पडून गेलेला असतो. रानाला वापसा आलेला असतो. आज पेरले तर साधेल, उद्याचे उद्या कोणी सांगावे? आणि नेमक्या अशा वेळी तुमचा जुना ट्रॅक्टर तासभर बरा चालतो, मग भुरभुरतो आणि बसतो. दहा-पंधरा मिनिटे थांबले की पुन्हा सुरू होतो. चार तास मारतो आणि पुन्हा बसतो. पुरता बिघडलेला ट्रॅक्टर परवडला, त्याला ओढून तरी नेता येते. हा मिस्त्रीच्या दारात गुणी पोरासारखा चालतो आणि रानात आला की रुसतो.

मग बांधावरचा कोणीतरी सांगतो, 'पंप गेला.' पंप म्हणजे नोझलला दाबाने डिझेल देणारा मोठा पंप. इंजिनातला फार नाजूक आणि महागडा भाग. तो उतरवून तालुक्याला जातो, तिथे चार दिवस पडतो, नोटा मोजून परत येतो. एक दिवस बरा जातो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच! कारण दुखणे पंपात नव्हतेच, ते टाकीच्या झाकणात होते. तोवर वापसा मात्र निघून गेला.

म्हणून आजचे सांगणे एवढेच: चालता चालता बंद पडणाऱ्या जुन्या इंजिनाला बहुतेक वेळा पुरेसे डिझेल पोचत नसते. तपास टाकीपासून सुरू करा आणि पंपाचा नंबर सगळ्यात शेवटी लावा.

बंद पडते कसे, ते आधी बघा

वैद्य आधी नाडी बघतो, मग पुडी बांधतो. इंजिनाचेही तसेच आहे.

रेस आपोआप वर-खाली होते, जोर कमी होत जातो आणि मग बंद पडते, थोडे थांबले की चालू होते: ही उपासमारीची खूण. डिझेल कमी येते आहे किंवा डिझेलबरोबर हवा जाते आहे.

नुसते चालते, पण नांगर लावला की दम तोडते आणि काळा धूर ओकते: आधी हवेचा फिल्टर बघा. डिझेल आहे, पण जाळायला हवा नाही. धूर काळा नाही आणि तरी दम तुटतो, तर डिझेलचा फिल्टर तुंबलेला असू शकतो.

दिवा विझावा तसे एकदम बंद पडते: स्टॉपची वायर बघा. तिची स्प्रिंग ढिली असली तर धक्क्याने स्टॉपचा दांडा स्वतःच ओढला जातो. पाच मिनिटांचे काम, पण कितीतरी जण ते बघतच नाहीत.

तापून, जड होत होत बंद पडते: इथे मात्र डिझेलच्या मागे लागू नका. पुन्हा पुन्हा स्टार्टर मारू नका. इंजिन आपोआप गार होऊ द्या, वरून गार पाणी ओतू नका. मग रेडिएटरचे पाणी, पंख्याचा पट्टा आणि ऑइल बघा.

आणखी एक खूण लक्षात ठेवा. बंद पडल्यावर स्टार्टर मारताना सायलेन्सरकडे बघा. धुराची रेघसुद्धा येत नसेल, तर डिझेल नोझलपर्यंत पोचतच नाही.

डिझेलच्या वाटेने चला

शेतात पाणी पोचले नाही तर आपण काय करतो? विहिरीपासून पाटाने चालत जातो आणि कुठे फुटले, कुठे तुंबले ते बघतो. इथेही तसेच करा.

पहिले, टाकीचे झाकण. झाकणाला हवा आत जाण्यासाठी बारीक भोक असते. डिझेल जाते तेवढी हवा आत यावी लागते. भोक मातीने बुजले की टाकीत ओढ तयार होते आणि डिझेल अडते. झाकण हरवले म्हणून प्लॅस्टिकची पिशवी दोरीने आवळून बांधली तरी हेच होते. इंजिन बसले की लगेच झाकण उघडा. 'फुस्स' आवाज झाला आणि इंजिन पटकन सुरू झाले, तर चोर सापडला.

दुसरे, टाकीचा कॉक आणि त्याची जाळी. खाली भांडे धरून पाइप सोडा. धार पाइपभर आणि न तुटता आली पाहिजे. आधी चांगली आणि मग बारीक होत गेली, तर टाकीतला गाळ जाळीवर येऊन बसतो आहे. इंजिन थांबले की तोच गाळ खाली बसतो, म्हणून थोड्या वेळाने ट्रॅक्टर पुन्हा चालतो. हीच त्या रुसव्या-फुगव्याची मेख. नुसती फुंकर मारून भागत नाही, टाकी उतरवून धुवावी लागते.

तिसरे, पाण्याची वाटी आणि फिल्टर. पाणी डिझेलपेक्षा जड, म्हणून ते तळाशी साचते. वाटीचा खालचा स्क्रू सोडून निव्वळ डिझेल येईपर्यंत पाणी काढा. कागदी फिल्टर धुऊन पुन्हा घालू नका. धुताना तो फाटतो आणि घाण सरळ पंपात जाते. फीड पंपाच्या तोंडाशी लहान जाळी असेल तर तीही साफ करा.

डब्याची परीक्षा

इतके करूनही उलगडा होत नसेल, तर एक सोपी परीक्षा आहे. पाच लिटरचा स्वच्छ डबा घ्या. त्यात गाळलेले डिझेल भरा. डबा इंजिनपेक्षा उंच, सायलेन्सरपासून लांब, घट्ट बांधा. त्याचे तोंड थोडे सैल ठेवा. टाकीचा पाइप सोडून डब्याचा नवा पाइप फीड पंपाला जोडा. ट्रॅक्टर उभाच ठेवा आणि पीटीओवर रोजचा पाण्याचा पंप किंवा मळणीयंत्र लावून, एरवी बंद पडतो त्याहून दुप्पट वेळ चालवा. जवळ विडी-काडी नको, पोरेबाळे नकोत.

इंजिन बिनतक्रार चालले, तर दोष टाकी, कॉक किंवा त्यापुढच्या पाइपात आहे. पंपाला हात लावायचे कारण नाही. तरीही बसले, तर दोष फीड पंपापासून पुढे आहे. अर्धा ट्रॅक्टर एका झटक्यात तपासून झाला!

हवेचा खेळ

सायकलच्या पंपाचे तोंड बोटाने दाबून दांडा रेटा. आतली हवा आकसते. पंपात पाणी भरून तसेच करा, दांडा जवळजवळ हलतच नाही. डिझेल पाण्यासारखे आहे, दाबले की सरळ नोझल उघडते. मध्ये हवेचा बुडबुडा आला की सगळा जोर हवा आकसण्यात जातो, नोझल उघडत नाही आणि इंजिन मरते.

ही हवा येते कुठून? फीड पंपाच्या पुढे गळती असेल तर डिझेल बाहेर ठिबकते आणि डोळ्यांना दिसते. पण टाकीपासून फीड पंपापर्यंतच्या पाइपात चीर असेल, तर चालत्या इंजिनात डिझेल बाहेर येत नाही, उलट बाहेरची हवा आत ओढली जाते. म्हणून 'कुठे गळत तर नाही' म्हणून फसू नका. उन्हाने तडकलेला रबरी पाइप, दबलेला तांब्याचा वॉशर, ढिला नट एकेक करून बघा. तेवढ्या भागात पारदर्शक पाइप तात्पुरता लावला, तर बुडबुडे धावताना दिसतात.

चोर सापडला की हवा काढा. आधी फिल्टरवरचा हवा काढायचा स्क्रू सोडा आणि हातपंप मारा. फेस थांबून सलग डिझेल आले की मारता मारताच स्क्रू आवळा. मग मोठ्या पंपावरचा स्क्रू, त्याच क्रमाने. त्यावरही सुरू झाले नाही, तर नोझलकडचे नट थोडे ढिले करून स्टार्टर मारा आणि डिझेल आले की आवळा.

इथे सावध राहा. जुन्या इंजिनांचे नोझल 200 बारच्या आसपास उघडते. तुमच्या ट्रॅक्टरच्या मागच्या टायरात एक-दीड बार हवा असते, त्यावरून अंदाज घ्या. त्या धारेपुढे बोट धरले तर डिझेल कातडीतून आत शिरते. जखम सुईएवढी दिसली तरी त्याच वेळी दवाखाना गाठा, हळद लावून बसू नका. आणि कॉम्प्युटरवर चालणाऱ्या, कॉमन रेल पंपाच्या नव्या ट्रॅक्टरांचे नट मुळीच ढिले करू नका. तिथे दाब कितीतरी पट जास्त असतो.

मग पंप केव्हा?

टाकी स्वच्छ, धार पाइपभर, फिल्टर नवा, हवा नाही, स्टॉपची वायर ठीक; आणि तरीही गरम झाला की बसतो आणि गार होईपर्यंत काही केल्या सुरू होत नाही. मग पंप आतून झिजला असण्याचा संभव आहे. तो बांधावर उघडू नका. त्याचे मोजमाप टेस्ट बेंचवरच होते.

हे पुन्हा होऊ नये म्हणून संध्याकाळी काम संपल्यावर टाकी भरून ठेवा. अर्ध्या टाकीत रात्रीच्या गारठ्याने हवेतल्या वाफेचे पाणी होते. डिझेलचे पिंप जरा तिरपे ठेवा आणि तळाचे डिझेल ओढू नका. जस्ताचा मुलामा असलेल्या पत्र्याच्या भांड्यात डिझेल साठवू नका. नरसाळे मळक्या चिंधीने पुसू नका, तिचे धागेच फिल्टरात जातात.

घरात शाळेत जाणारा मुलगा-मुलगी असेल तर एक वही त्यांच्या हाती द्या. ट्रॅक्टर किती वेळाने बसला, कोणत्या कामावर, धूर कसा होता, किती वेळाने सुरू झाला, एवढे त्यांनी लिहावे. मिस्त्रीकडे जाताना ती वही बरोबर न्या. 'पंप गेला असेल' हे ऐकून घरी येण्याऐवजी तुम्हीच त्याला सांगाल, 'भाऊ, डब्यावर दोन तास चालला, टाकीवर अर्ध्या तासात बसला.' मग त्यालाही पंप उतरवायचे कारण राहणार नाही, आणि तुमचा वापसाही हातचा जाणार नाही.